ओढ्याकाठच्या बाभळी

आण्याच्या पठारावर चैत्रात गवताची काडी राहत नाही. मग शेळ्या आणि हरणं दोघंही बाभळीच्या शेंगांवर जगतात. शेळ्यांसाठी लांब आकडी लावून झाड ओरबाडणारा माणूस असतो. हरणांचं तसं कोण आहे? आपसूक पडेल तेवढंच त्यांचं.

म्हणून वाडीतल्या आम्ही शेळ्यावाल्यांनी खंडोबापुढं भंडारा उचलला होता, की ओढ्याकाठच्या बाभळींना आकडी लावायची नाही, त्या हरणांच्या. सगळ्यांत आधी माझ्या धाकट्या भावानं उचलला. वर मलाच दम भरला, "आक्का, तुजी जीभ लई सैल. हात तरी आवर." मला मेलीला केवढं कौतुक वाटलं त्याचं!

त्या उन्हाळ्यात एक हरणी पाडसाला घेऊन ओढ्याकाठी यायची. सकाळी पाण्याला गेले की दिसायची. बघून बघून जीव जडला होता माझा तिच्यावर. हळूहळू तिच्या बरगड्या वर आल्या. बाभळीखाली एक शेंग सापडेना. मला वाटलं, यंदा बहरच कमी.

भाऊ मात्र माझ्या गोठ्यात शेंगांचं पोतं आणून टाकायचा. "वारूळवाडीच्या पावण्यांनी दिल्यात, घाल शेळ्यास्नी." शेळ्या भरभरून दूध द्यायच्या. त्याच दुधाचा चहा करून मी त्याला पाजायचे आणि म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

एके दिवशी ती हरणी शेंगांच्या वासानं थेट माझ्या गोठ्यापाशी आली. कुत्र्यांनी धरली. मी काठी घेऊन धावेपर्यंत सगळं संपलं होतं.

पाडसाला शोधायला ओढ्यावर गेले, तर बाभळींवर ओरबाडल्याच्या ताज्या खुणा आणि घाणेरीच्या जाळीत लपवलेली आकडी. तिच्या मुठीला निळी दोरी होती. मीच बांधून दिलेली. केसानं गळा कापला माझा, सख्ख्या भावानं!

आकडी त्याच्या दारात फेकली. "देवाचा भंडारा उचलला व्हतास ना रं?"

तो हसला. "हरणाला कोन इचारतंय, आक्का? आन् तुज्या शेळ्यांनीबी त्याच खाल्ल्या की."



दुसऱ्या सकाळी पाडस ओढ्याकाठी दिसलं. वाटीत शेळीचं दूध घेऊन गेले होते. दुसरं काय होतं माझ्याकडं? त्याच्या आईच्या तोंडचा घास काढून झालेलं दूध ते. त्यानं वास घेतला आणि माझ्याकडं बघत मागं सरकलं.