यादीतून काढलेले मास्तर

सोळाशे वर्षांपूर्वी मेलेल्या बिशपांशी रोज भांडणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो अमरावतीत आमच्या शेजारी राहत होता. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले हे मास्तर भाजीवालीलाही सांगत, की बायबलात कोणती पुस्तकं राहावीत याचा वाद तीनशे वर्षं चालला. "मंग वांगे घेता का अर्धा शेर?" ती विचारी. बायबलातल्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकाला काही ख्रिस्ती मंडळ्यांनी किती काळ दाराबाहेर ठेवलं हे सांगताना ते असे कष्टी होत, जणू घरातलंच लग्न मोडलंय. कानावर कायम लाल पेन्सिल. लग्नपत्रिकासुद्धा दुरुस्त करून परत देत.

आम्हाला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती आणि मी देवाधर्माच्या ठेकेदारांविरुद्ध पत्रकं काढत होतो. एकात लिहिलं, 'चौथ्या शतकात नायसियाच्या परिषदेत बिशपांनी हात वर करून बायबल ठरवलं.' मास्तरांनी ओळ लाल केली.

"नायसियात पुस्तकायचा ठरावच नाई झाला, बाबू. लोक जे पिढ्यान् पिढ्या वाचत होते, त्याची यादी मंग झाली. तुले कोनं सांगतलं हे?"

"एका पुस्तिकेत होतं."

"मंग तेई आन. दुरुस्त करून देतो."

त्यांच्या सख्ख्या भावानेही त्या वर्षी आमच्यात येऊन दीक्षा घेतली, तेव्हा मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. चर्चच्या पंचांना तेवढं पुरलं. मंडळीच्या यादीतून नाव काढायला बैठक बसली. नाव गेलं की कबरस्तानातली जागाही गेली, आणि तिथे बायकोशेजारी स्वतःसाठी जागा राखून त्यांनी मोगरा लावला होता. सातांपैकी सहा हात वर गेले, त्यातले चार त्यांच्याच विद्यार्थ्यांचे. सातवा पंच झोपला होता. मास्तरांनी ठरावाचा कागद मागितला, 'एकमताने' खोडून 'बहुमताने' केलं आणि घरी आले.

मी पेटलो. 'सहा हातांनी म्हाताऱ्याची माती हिसकावली' असं पत्रक लिहिलं. त्यांनी ते अख्खं खोडलं. "हे नको छापू. त्यायच्या लेकरायलेई मीच वाचाले शिकवलं. ते वाचतीन ना."

त्याच उन्हाळ्यात मास्तर गेले. कबरस्तानाच्या फाटकाला कुलूप होतं. भातकुलीला भावाच्या वावरात आम्ही खड्डा खणला. प्रार्थनेचं पुस्तक घेऊन कोणी पाद्री येणार नव्हता. तेवढ्यात एका बैलगाडीतून मंडळीतल्या आठ बाया उतरल्या. निम्म्यांना अक्षर येत नव्हतं. मास्तरांनी दर रविवारी पाठ करून घेतलेलं स्तोत्र त्यांनी एकही शब्द न चुकता म्हटलं. एकीने ओच्यातून मोगऱ्याची फांदी काढून उशाशी लावली. कुलूप असताना कुठून आणली, ते मी विचारलं नाही.

ते पत्रक मी छापलं नाही. नायसियाची ओळ मात्र पुढच्या खेपेला नीट करून छापली. ती पाहायला मास्तर नव्हते.