ग्रीसमधले सख्खे भाऊ

चहा घ्या, पण आधी कबूल करा की हा विषय माझ्या बायकोसमोर काढणार नाही. आयुष्यात माझी इतकी फजिती कोणी केली नाही. ही मीच केली!

झालं असं, माझे सासरे, म्हणजे आबा, पारोळ्याकडच्या गावाहून आमच्याकडे सुरतेत, कोसाडला आले होते. मी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कलर मास्टर. रंगाच्या डब्यांवरची इंग्रजी नावं तेवढी वाचतो. पण आबांनी गावभर सांगून ठेवलेलं, 'आमचे जवाईबापू फाडफाड इंग्रजी बोलतात.' मीही कधी नाही म्हटलं नाही. तुम्ही म्हटलं असतं का?

रविवारी आबांना पर्वत पाटियाकडे सिनेमाला नेलं. पोस्टरवर जुन्या काळातलं ग्रीस. जहाजं, ढाली, उघडेबंब पहिलवान. भाग दुसरा. पहिला आम्ही कोणीच पाहिला नव्हता, पण मारामारीला मागची गोष्ट कशाला लागते? दिवे गेले, पडद्यावर एक दाढीवाला ओरडला, तोही इंग्रजीत. हिंदी सोडून मी इंग्रजी शोची तिकिटं काढली होती!

आबा एरवी माझ्याशी जपून, शुद्ध मराठीत बोलतात. रंगात आले की अहिराणी सुरू.

"काय म्हनी ऱ्हायना तो?"

"म्हणतोय, हे माझं गाव आहे."

"आणि तो दुसरा, काळ्या जहाजावरचा? तो कोन शे?"

काय बुद्धी झाली कोण जाणे! "भाऊ," मी म्हणालो.

"सख्खा?"

"सख्खा."

"मग भांडण कशाचं?"

"वाटणीचं."

आबा खुर्चीत पुढे सरकले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना, दोघांची घरं एका भिंतीला लागून. अंगणातला शेवगा कोणाचा, यावरून अकरा वर्षं अबोला!

पण आता थांबणार कसं? पडद्यावर मुंडकी उडत होती. रक्तसुद्धा सावकाश, थेंब थेंब हवेत तरंगत होतं. मिलमध्ये लाल रंगाचा पाइप फुटला तरी इतका सडा पडत नाही. आणि मी आबांच्या कानात भावांची माया ओततोय! मागून एक बाई वैतागून गुजरातीत म्हणाल्या, "भाई, तमे बहार जईने वार्ता करो ने!"

शेवटी दाढीवाला कोसळला. दुसरा वाकून त्याच्या कानात काहीतरी पुटपुटला.

"काय म्हनना?"

"म्हणाला, दादा, आधी बोलला असतास तर..."

आबांनी टोपी काढून डोळे पुसले. बाहेर येताच पार्किंगमधून फोन लावला. "नाना, मी बोलतोय. शेवगा तुझा." पलीकडून हुंदका ऐकू आला. मग दोघेही रडायला लागले. मी आपला स्कूटरची किल्ली शोधत राहिलो. खोटं बोलल्याची लाज वाटावी की आनंद व्हावा, कळेना.

चौथ्या दिवशी नाना सुरतेत हजर! जेवायला बसल्या बसल्या म्हणाले, "तो दोन भावांचा सिनेमा मलाही पाहायचाय."

"गेला तो आता," मी घाईघाईने म्हणालो.

बायकोने मोबाईल पाहिला. "अहो, आहे की! आणि हिंदीतलाही मिळतोय."

दोघांना नेलं. करतो काय? पहिल्याच प्रसंगात दाढीवाला गरजला, "इस परदेसी कुत्ते का पूरा ख़ानदान मिटा दो!" आबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुढचे दोन तास मी दरवाजावरचा लाल दिवा पाहत बसलो. शेवटी तो कानातला निरोपही स्वच्छ ऐकू आला, "तेरे बच्चों को भी नहीं छोड़ूँगा."

बाहेर पडलो. नानांना सरकत्या जिन्याची भीती वाटत होती, म्हणून आबांनी त्यांचा हात धरला होता. खाली पोचलो तरी सोडला नव्हता. मला राहवेना.

"आबा, मला इंग्रजी बोललेलं कळत नाही. सगळं मनाचं सांगितलं."

"म्हणजे ते भाऊ नव्हतेच?"

"नव्हते."

आबांनी नानांकडे पाहिलं. त्या घटकेला वाटलं, गेलं सगळं! अकरा वर्षांची गाठ सुटली होती, ती माझ्या थापेने पुन्हा बसणार.

मग नानाच म्हणाले, "तरीच! भाऊ असते तर दोन तासांत निकाल लागला नसता. अकरा वर्षं तरी काढली असती."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. नाना त्यांच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे वळले आणि अगदी अदबीने म्हणाले, "जवाईबापू, तुमचा सिनेमा पडद्यावरच्यापेक्षा चांगला होता. पण उद्या माझ्या गुडघ्याचा रिपोर्ट मिळणार आहे, इंग्रजीत. तो मात्र डॉक्टरलाच वाचू द्या."