केरबांचा नवा डोळा आणि चाळीस मेंढरं

बिडकीनमध्ये माझ्या घराला लागूनच केरबांचं घर. पासष्ट वर्षांच्या या माणसाचं सगळं आयुष्य चाळीस मेंढरांमागं गेलं. मोतीबिंदू काढून, महिनाभर घरी आराम करून गडी अंगणात आला, बायकोकडं टक लावून पाहिलं आणि म्हणाला, "बाने, तू एवढी म्हातारी कवा झालीस गं?"

"आधी आरशात बघा," बानाबाईंनी तिथल्या तिथं परतफेड केली.

पण दुसऱ्या दिवशी केरबा रानातून तोंड पाडून परतले आणि मला म्हणाले, "मास्तर, मेंढीचा केस न् केस दिसतोय, पण ती किती लांब हाय तेच कळंना. भिंतीवर चित्रं काढल्यावानी सगळी एकाच ठिकाणी!" कोकरू पकडायला त्यांनी काठीची आकडी टाकली, तर कोकरू दहा हात पलीकडं. मेंढरं चरायला न्यायची तर वाटेत मोठा रस्ता, त्यावरून कंपन्यांचे ट्रक धावतात. चितेगावला कामाला जाणारा त्यांचा मुलगा भारत घाबरला. "आबा, आता बास. सोमवारी गंगापूरचा माणूस येतोय, मेंढरं देऊन टाकू."

केरबांनी भाकरीला हात लावला नाही. मलाही फार वाईट वाटलं.

रविवारी मी त्यांच्यासोबत माळावर गेलो. बानाबाईही होत्या. अचानक एका मेंढीच्या गळ्यातली घंटी वाजली. केरबा ताडकन उठले. "बाने, ती बघ! ती एकटी लिंबापाशी हाय, पन्नास पावलांवर! बाकीच्या अजून भिंतीवरच!"

बानाबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं आई! बोळे काढायचेच राहिले की!"

झालं होतं असं की, घंटी वाजली की हे महाशय अंथरुणातून उठून बसायचे. डॉक्टरांनी तर आराम सांगितलेला. म्हणून बाईंनी सगळ्या घंट्यांत चिंध्यांचे बोळे कोंबले होते. त्यातला एक आता आपोआप गळून पडला होता. आणि नव्या डोळ्याच्या कौतुकात केरबांना कानांची आठवणच राहिली नव्हती! नजर अंधुक झाल्यापासून इतकी वर्षं हा माणूस अंतर कानांनी मोजत आला होता.

आम्ही तिघांनी बोळे उपसले. घंट्या वाजू लागल्या तशी एकेक मेंढी केरबांना आपापल्या जागी दिसायला लागली. कुणी ओढ्याकाठी, कुणी बांधावर.

सोमवारी भारत रजा टाकून माळावर आला. त्याचा विश्वास बसेना. "ती काळी किती लांब?"

"तीस पावलं."

भारत मोजत गेला. एकतीस भरली.

"तुझी पावलं बारकी," केरबा म्हणाले आणि पुढं होऊन पहिल्याच फेकीत आकडीनं कोकरू धरलं. ते भारतच्या हातात दिलं. "घे. त्या माणसाला तुझ्या हातानं दे."

कोकरू भारतचा शर्ट चावू लागलं. त्यानं एका हातानं फोन काढला. "पाव्हणं, येऊ नका. आमचे आबा देत नायत."

महिनाभर केरबांनी डोळ्याला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. आता दोन्ही डोळे वाहत होते आणि पुसायचंही भान त्यांना नव्हतं.