घोडीवर बसलेल्याचा लगाम

घोडी ठरवायला मी चौसाळ्याला गेलो आणि पहिल्या झटक्यातच शोभा करून घेतली. जन्म गेला बैलांत. बैलासमोर उभं राहून कासरा ओढला की तो मागोमाग येतो. तसाच मी लगामाला हिसका दिला. घोडीनं मान झटकली, मागं सरकली आणि चहाच्या टपरीचं बाकडं आडवं केलं.

"काका, कासरा न्हाई, लगाम हाय त्यो," घोडीवाला हसत म्हणाला.

तसा लगाम आमच्या घरी रोजच असतो, फक्त घोडं नसतं. डॉक्टर म्हणतो गोड खाण्याला घाला, बायको म्हणते जिभेला घाला. आणि लेक जरा मोठ्यानं हसली की माझे चुलते, तात्या, म्हणायचे, "पोरीला लगाम लाव." मीही मान डोलवायचो. लगाम म्हणजे तोंडात घालायचं लोखंड, हे त्या दिवशी घोडीचं तोंड जवळून बघितलं तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. माझा मलाच राग आला.

घोडी लेकीसाठीच होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेव घोडीवरून मारुतीला जातो, नवरी घरात बसते. हिला जायचं होतं. त्या दिवशी दुपारी हे कळताच तात्या भावकी घेऊन आले.

"पोरीला लगाम लावता येईना व्हय तुला?"

"लावायचाच न्हाई, तात्या."

"मंग उद्या भावकी जेवायला येणार न्हाई."

"बरं," मी म्हणालो. आवाज दणदणीत काढायचा होता, निघाला बारीक. पण निघाला.

लेक घोडीवर चढली. आमच्याकडं नवरदेव नुसता बसतो, लगाम घोडीवाला धरतो. माझ्या लग्नात मीही आयाळ मुठीत धरून, डोळे मिटून गेलो होतो. लेक वाकून घोडीवाल्याला म्हणाली, "दादा, लगाम हिकडं द्या."

घोडीवाल्यानं माझ्याकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघता? घोडीवर ती बसलीय."

त्यानं दिला आणि बाजूनं चालू लागला. तात्यांच्या दारासमोर लेकीनं मुद्दाम लगाम खेचला. घोडी थांबली, वाजंत्री थांबली नाही. तात्यांनी धाडकन दार लावून घेतलं. माझा सदरा घामानं भिजला होता, पण त्या दारासमोर मी ताठ उभा राहिलो.

मारुतीला नारळ फोडून घरी आलो, तेव्हा बायको बुंदीच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती. मी हळूच विचारलं, "भावकी खरंच आली न्हाई तर गं?"

"न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "बुंदी काय लगीच नासत न्हाई."