खिडकीतले खिळे

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. अमेरिकेत मुलीने मला एक जुनी कापडगिरणी दाखवायला नेलं नसतं, तर अजूनही टाळलं असतं. आता तिथे संग्रहालय आहे. खिडकीच्या चौकटीत गंजलेले खिळे दिसले. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खिडक्या कायमच्या बंद. त्या कोंदट हवेत खेड्यांतून आलेल्या मुली पहाटेपासून राबत. पुढे त्यांनीच सभा घेतल्या, कामाचे तास दहावर आणा म्हणून सह्या गोळा केल्या.

“किती निर्दयी माणसं, बाबा!” मुलगी म्हणाली.

सोलापूरच्या गिरणीत देखरेखीवरचा मास्तर असताना मीही असेच खिळे ठोकून घेतले होते. तेव्हा माझ्या हाताखाली काम करणारी चंद्राबाई म्हणाली होती, “मास्तर, सुताला एवढं जपता, मग आमाला कोन जपायचं?”

“तुम्ही कुठे सुतासारख्या तुटताय!” मी म्हणालो. खात्यातल्या सगळ्या बायका हसल्या, तीही हसली.

मी निर्दयी नव्हतो. कापड चांगलं निघावं, एवढंच पाहत होतो. त्या अमेरिकेतल्या मास्तरांचंही तसंच असेल. निर्दयपणाला राग लागतोच असं नाही. कामाची काळजीही पुरते.

चंद्राबाई खोकल्याने अंथरुणाला खिळली, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. तोंडाला पदर लावून तिने सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी चहा प्यालो, पावसापाण्याचं बोललो आणि उठलो. “चंद्राबाई, माझं चुकलं,” एवढंच म्हणायला गेलो होतो.