लेडीआत्या आणि गोठ्याची जागा

आमची आत्या नऊवारीचा काचा मारून भाताच्या खाचरात उतरली की तिच्या वेगानं रोपं लावायची हिर्डोशीत कुणाची टाप नव्हती. हीच बाई विलायतेत एका लॉर्डाची बायको, म्हणजे कागदोपत्री लेडी! गाव तिला लेडीआत्याच म्हणायचं.

पुण्यात नर्सिंग शिकून ती तिकडे गेली, एका म्हातारीची सेवा केली, आणि म्हातारीच्या लॉर्ड मुलानं तिला मागणी घातली. कुणी तिच्या किताबाचं कौतुक केलं की ती उडवून लावायची. "अगं, पाटलाची बायको पाटलीण हुती, तिनं कवा पाटीलकी केली? तसंच हे. नवरा हाय तवर मान."

दर पावसाळ्यात ती महिनाभर यायची. एसटी चुकली तर भोरहून टेम्पोनं. ड्रायव्हर आदरानं पुढची सीट पुसायचा, तर ही मागे खताच्या पोत्यांवर चढून बसायची. "म्या काय चिनीमातीची हाय व्हय?"

मग लॉर्ड गेले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे किताब आणि घर दोन्ही त्यांच्या पुतण्याकडे गेलं. "आता त्याची बायको लेडी," आत्या म्हणाली, "आन् म्या थोरली लेडी. थोरली म्हंजी फाटकाजवळच्या दोन खोल्या, त्याबी त्यांच्या मर्जीवर." आणि ती बॅग उचलून थेट हिर्डोशीत आली.

तिचं मागणं एवढंसं होतं. आमच्या घराशेजारी रिकामा गोठा होता, ती जागा तिला स्वतःच्या नावावर हवी होती. आजोबांच्या जमिनीवरचा हक्क तिनं तरुणपणीच सही करून माझ्या वडिलांना सोडला होता. माहेर तुटू नये म्हणून आमच्याकडे बहिणी सोडतातच. आता वडीलही नव्हते, म्हणून तिनं माझ्या दादाला विचारलं.

"आत्ये, नावाचं कशाला? तुझंच घर हाय की," दादा म्हणाला.

"तुझंच घर हाय, आसं पाव्हन्याला म्हंत्यात रं. मालकाला कुनी सांगत न्हाई."

त्याच आठवड्यात दादानं माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मीही सोडायचा होता. मी म्हटलं, सही देते, पण त्याच दिवशी गोठाही आत्याच्या नावावर कर. दादा कुरकुरला, पण कबूल झाला. काय डाव मारला, म्हणून मी स्वतःवरच खूश!

भोरच्या कचेरीत मी पेन उघडलं, आणि आत्यानं माझ्या हातातला कागद ओढून घेतला.

"म्या सही केली तवा मलाबी माहेर राखायचं हुतं. राखलं का? तिकडं नवऱ्याचं गेलं, हितं बापाचं. माझ्यापायी तू सही करशील, आन् उद्या कुनाचा गोठा मागत फिरशील?"

"अगं, पण तू राहणार कुठं?"

"भोरात खोल्या काय कमी हायत? नर्स हाय म्या. लेडी नव्हते तवाबी माझं मी खात हुते." आणि कागदाचे चार तुकडे केले.

दादा तरातरा निघून गेला. मी तर इतकी चिडले की आठ दिवस तिचं तोंड पाहिलं नाही. तिनं भोरात एक खोली भाड्यानं घेतली आणि आळीतल्या म्हाताऱ्यांचं बीपी तपासायला लागली. चहा करून द्यायची, आणि वर दटावायची, "मीठ कमी खा, मेल्यांनो!" चार वर्षं ती अशी ताठ मानेनं राहिली.

गेल्या वर्षी ती गेली. तिला भाड्याच्या खोलीतूनच न्यावं लागलं, हे मला अजून खातं. स्मशानातून परतताना दादा हुंदका देत म्हणाला, "गोठा रिकामाच पडलाय. द्यायला हवा हुता."

"व्हय, द्यायलाच हवा हुता," मी म्हटलं.

परवा तलाठ्याकडून सातबारा आणला. दादाच्या खाली माझं नाव आहे. आत्याचं कुठंच नाही.