चुन्याचे आकडे

रामलिंग गुरुजींचं एक खूळ होतं. पोरांना वर्गाबाहेर नेऊन काय शिकवायचं, हे ठरवायला त्यांना आठ आठ दिवस लागत. भूम गावाजवळच्या दोन खोल्यांच्या शाळेत एकोणीस वर्षं काढली, दरवर्षी तेच. फुलपाखरं नकोत, पंख चुरगळतात. विहीर नको, कठडा नाही. ओढा चालला असता, पण त्याला पाणी कुठलं! पोरांच्या हाताला काम मिळावं, झाडाझुडपाचा लळा लागावा आणि एक पानही तुटू नये, असं काहीतरी त्यांना हवं असे.

यंदा ते सापडलं. रस्त्याच्या शाळेकडच्या अंगाला अकरा चिंचा होत्या. पोरांनी चिंचेला कव घालायची, किती जणांचे हात लागले ते वहीत मांडायचं आणि खोडावर चुन्यानं नंबर टाकायचा. वर पाठवायच्या कागदावर 'संभाव्य धोके' असा रकाना होता. गुरुजींनी लिहिलं, 'मुंग्या'. चौथीतल्या शिवकन्यानं सात नंबर स्वतः काढला आणि ती चिंच आपली म्हणून सांगून टाकलं. गुरुजी इतके खूश, की घरी जेवताना दोनदा तेच बोलले.

दिवाळीच्या सुट्टीत रस्ता रुंद करणारे आले. तोडायची होती ती पलीकडच्या अंगाची झाडं, आणि त्यांच्यावरही नंबर होते. माणसं परगावची. नंबर दिसला की करवत लावायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी दोन्ही अंगं साफ केली.

"नंबर व्हता म्हणून तोडलं, गुरुजी," उमरग्याकडचा मुकादम वीरप्पा ओशाळून म्हणाला. "आमाला काय ठावं?"

शिव्या तरी कुणाला द्यायच्या? एवढं निवडून, पारखून शेवटी आपल्याच हातानं घात केला होता. गुरुजी तिथंच एका बुंध्यावर बसले आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडले.

शाळा उघडली. रस्त्यासाठी झाडं गेली, एवढंच सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण शिवकन्या टेबलापाशी आली.

"गुरुजी, म्या नंबर टाकला म्हणून तोडलं व्हय?"

खोटं त्यांच्या तोंडून निघेना. "तू न्हाय बाळा. नंबर टाकायला मी सांगितलं व्हतं. चूक माझी हाय."

ती जागेवर जाऊन बसली.

परिसर अभ्यासाचा तास आला. बांधावरची बोरी बघायला कोण कोण येणार, असं गुरुजींनी विचारलं. एकही पोर उठलं नाही.

"नगं, गुरुजी," शिवकन्या म्हणाली. "तिला तरी ऱ्हाऊ द्या."